राइड मुलांसाठी आहे ना? मग या चुका टाळा

डिसेंबर जवळ आला की फोन सुरू होतात. "दादा, अंध मुलांच्या शाळेसाठी निधी जमवायला नाशिक–मुंबई सायकल राइड करतोय. टायर कोणते घेऊ?" मी आधी विचारतो, "शाळेत जाऊन आलात का?" बहुतेकांनी शाळा पाहिलेलीच नसते. जर्सीचा रंग मात्र ठरलेला असतो.

सगळ्यात मोठी चूक हीच. ती मीही केली आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही निधी जमवला, राइड केली आणि वह्या, रंगीत चित्रांची गोष्टीची पुस्तकं असे खोके घेऊन एका शाळेत गेलो. बाईंनी चहा दिला, आभार मानले. निघताना कपाटाशेजारी आदल्या वर्षीचे खोके दिसले, कुणीतरी दिलेले, दोरीही न सोडलेले. मला फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी एकटाच परत गेलो आणि बाईंना विचारलं, तुम्हाला खरंच काय लागतं?

त्यांनी भराभर सांगितलं. ब्रेलचा जाड कागद, कारण साध्या कागदावर उठवलेले ठिपके टिकत नाहीत. ब्रेल पाट्या आणि स्टायलस, म्हणजे ठिपके टोचायची टोकदार दांडी. पांढऱ्या काठ्या, त्याही वेगवेगळ्या लांबीच्या, कारण काठी साधारण छातीपर्यंत यावी लागते आणि मुलं तर वाढत असतात. ज्यांना थोडं दिसतं त्यांच्यासाठी भिंगं आणि ठळक रेघांच्या वह्या. एका मुलाने मला लिहून दाखवलं. पाटीवर तो उजवीकडून डावीकडे ठिपके टोचत गेला, मग कागद उलटा करून डावीकडून उजवीकडे बोटाने वाचला. सहा ठिपक्यांच्या जागेत अख्खी बाराखडी. आम्ही नेलेल्या चित्रांच्या पुस्तकांचा या मुलाला काय उपयोग होता?

तेव्हापासून माझी सवय अशी: राइडच्या दोन महिने आधी शाळेत जायचं, कॅमेरा न घेता. बाई देतील ती यादी अंतिम, त्यात आपली अक्कल घालायची नाही. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जावेत, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नकोत, आणि पावती त्याच आठवड्यात मिळावी. 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरात सवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगा. जर्सी, मेडल, नाश्ता हा सगळा खर्च रायडर्सच्या फीमधून करा. देणगीतला एक रुपयाही त्यात जाता कामा नये. या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

दुसरी चूक टँडमवरची. दोघांच्या सायकलवर मागे दृष्टिहीन मूल बसवायचं आणि पुढच्याने मुकाट्याने चालवायची! एकदा नाशिकच्या गंगापूर रोडवर, सोमेश्वरच्या पुढे, मी पुढे होतो आणि मागे तेरा वर्षांचा मुलगा. रस्ता रोजचा, त्यामुळे मी माझ्याच तंद्रीत. गतिरोधक आला, मी पॅडल थांबवून सीटवरून उठलो. त्याला काहीच कळलं नाही. टँडमवर दोघांची पॅडल चेनने जोडलेली असतात, मी थांबलो की त्याचेही पाय अचानक अडतात. त्याचा पाय निसटला आणि पॅडल नडगीवर बसलं. रक्त आलं. तो रडला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "काका, तुम्ही बोलत नाही तेव्हा मला रस्ताच नसतो."

त्यानंतर मी टँडमवर एक क्षण गप्प बसत नाही. "गतिरोधक, तीन, दोन, एक." "गिअर बदलतोय." "थांबतोय, डावा पाय खाली." "डावीकडे वळण." शिवाय उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, नदीवरचा पूल, शेकोटीचा वास, हेही सांगायचं. टँडमवर मूल बसवण्याआधी डोळस मित्राला डोळ्यांवर पट्टी बांधून मागे बसवा आणि पाच किलोमीटर फिरवा. ज्याला हा एक रविवार काढता येत नाही, त्याच्या हाती मी टँडम देत नाही. आणि मुलांना महामार्गावर किंवा कसारा घाटात नेऊ नका. सकाळचा गंगापूर धरणापर्यंतचा रस्ता पुरे.

आता बाकीच्या चुका.

तयारी न करता निघणं. नाशिकच्या महाजन बंधूंनी 2015 मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली, सुमारे 4,800 किलोमीटर. त्यांचं नाव घेऊन लोक पंधरा दिवसांच्या सरावावर मुंबईपर्यंतचे 165 किलोमीटर मारायला निघतात. त्यांची वर्षानुवर्षांची मेहनत कुणी विचारात घेत नाही. किमान दोन महिने द्या. त्र्यंबकेश्वरला जाऊन-येऊन साधारण 60 किलोमीटर होतात, ते आरामात जमू लागलं की अंतर वाढवा.

नाशिक सोडताना पाथर्डी फाट्यापासूनच शर्यत लावणं. घोटीपर्यंत बोलता येईल इतक्याच वेगाने चला.

थंडीत पाणी न पिणं. पहाटे तहान लागत नाही, मग शहापूरच्या उन्हात पायात गोळे येतात. दर पंधरा मिनिटांनी दोन घोट. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

कसारा उतरताना ब्रेक दाबून धरणं. रिम तापते, ट्यूब फुटू शकते. दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

नवी सीट, नवे बूट राइडच्या दिवशी पहिल्यांदा वापरणं. नको.

एकच ट्यूब नेणं. दोन न्या, आणि पंक्चर काढायला घरीच शिका.

मुलाचा फोटो शाळेला न विचारता स्टेटसला टाकणं. त्याला तो फोटो दिसत नाही, म्हणून त्याची परवानगी लागत नाही असं होत नाही.

आणि मुंबईला पोहोचून परतल्यावर शाळेत न जाणं. चेक पोचला की आपलं काम झालं असं रायडर्सना वाटतं. मुलं मात्र वाट पाहत असतात, घाट कसा होता ते विचारतात. मी आता कसाऱ्यात पाच मिनिटं थांबून फोनवर आवाज रेकॉर्ड करतो: ट्रकचे हॉर्न, दरीतून वर येणारा वारा, नशीब असेल तर खालून जाणारी रेल्वे. मग तो फोन वर्गात टेबलावर ठेवून देतो.