चिपवर ताऱ्यांचा प्रकाश जोडताय? मग या चुका टाळा

वेगवेगळ्या टेलिस्कोपचा प्रकाश चिपवर एकत्र आणला की उजेड-अंधाराचे पट्टे, म्हणजे फ्रिंज, उमटतात. त्यांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे व्हिजिबिलिटी, कमी आली की पहिला विचार हाच येतो की तारा रिझॉल्व्ह झाला (बिंदू न राहता त्याचा आकार कळला), व्यास मिळाला! थांबा. आधी इन्स्ट्रुमेंटवर संशय घ्या, ताऱ्यावर नंतर.

सगळ्यात जास्त फसवतं ते पोलरायझेशन, म्हणजे प्रकाशलहरीच्या कंपनाची दिशा. प्रत्येक टेलिस्कोपचा प्रकाश वेगळ्या फायबरमधून चिपपर्यंत येतो, आणि प्रत्येक फायबरचं बायरिफ्रिंजन्स (दोन पोलरायझेशनच्या वेगातला फरक) थोडं वेगळं असतं, मग दोन पोलरायझेशनच्या फ्रिंज एकमेकींपासून सरकतात आणि डिटेक्टरवर त्यांची बेरीज झाली की कॉन्ट्रास्ट पडतो, सरक अर्ध्या फ्रिंजची असेल तर जवळजवळ शून्यच. प्रकाश भरपूर आणि फ्रिंज गायब, असं दिसलं तर वोलास्टन प्रिझम टाकून दोन्ही पोलरायझेशन वेगळी करून बघा. दोन्हीकडे फ्रिंज छान दिसल्या तर चोर सापडला. चिलीत पॅरानलला व्हीएलटीआय या अनेक टेलिस्कोपचा प्रकाश जोडणाऱ्या यंत्रणेवर, पायोनियर या उपकरणात यासाठी लिथियम नायोबेटच्या प्लेट वापरल्या, त्या थोड्या तिरक्या केल्या की फरक भरून निघतो. मला हा उपाय फार आवडतो, इतका साधा आहे.

दुसरी चूक म्हणजे फोटोमेट्री, म्हणजे प्रत्येक टेलिस्कोपकडून किती प्रकाश येतो ते, न मोजणं. सिंगल मोड वेव्हगाइड (चिपमधली, प्रकाशाचा एकच मोड म्हणजे एकाच आकाराची लहर नेणारी वाट) वातावरणाने वाकडा केलेला वेव्हफ्रंट गाळून टाकतो हे खरं, पण ती गडबड नाहीशी होत नाही, ती प्रकाशाच्या चढउतारात बदलते. एका टेलिस्कोपकडून दुसऱ्याच्या चौपट प्रकाश आला तर कॉन्ट्रास्ट 0.8 वर येतो, तारा बिंदूसारखा असला तरी. म्हणून शटर लावून एकेक बीम, मग जोड्या, असं कॅलिब्रेशन करून मॅट्रिक्स (कुठल्या बीमचा किती प्रकाश कुठल्या आउटपुटला जातो त्याचा तक्ता) काढा, आणि अलाइनमेंट हलली की परत काढा, जुना वापरू नका. चार टेलिस्कोपच्या चिपमध्ये 6 जोड्या, प्रत्येकीचे 4 फेज (फ्रिंजवरचे 4 टप्पे), म्हणजे 24 आउटपुट, त्यातला एक जरी चुकला तरी हिशोब बिघडतो.

कपलिंग (वेव्हगाइडमध्ये शिरणारा प्रकाश) 75 टक्केच येतंय म्हणून तासन्‌तास स्क्रू फिरवत बसू नका. गोल आरशाचा प्रकाश एका मोडमध्ये आदर्श परिस्थितीतही साधारण 80 टक्क्यांच्या वर जातच नाही, सेकंडरी मिररची (मुख्य आरशासमोरच्या छोट्या आरशाची) सावली असेल तर अजून कमी.

आतल्या लॅम्पवर फ्रिंज मस्त आणि आकाशात फिक्या? मग बहुतेक पिस्टन (वातावरणामुळे दोन टेलिस्कोपच्या प्रकाशवाटांच्या लांबीत सतत होणारा फरक), एक्स्पोजर कमी करून बघा. आणि जो प्रकाश वेव्हगाइडमध्ये शिरलाच नाही तो काचेतून सरळ पुढे डिटेक्टरवर पोचतो, म्हणून चांगल्या चिपमध्ये इनपुट-आउटपुट एका रेषेत ठेवत नाहीत.

एल बँडला (साधारण 3 ते 4 मायक्रॉनच्या इन्फ्रारेडला) जायचंय तर सिलिकाची चिप घेऊन जाऊ नका, साधारण 2.4 मायक्रॉनच्या पुढे ती प्रकाश खायला लागते. तिथे फ्लोराइड किंवा कॅल्कोजेनाइड काच लागते. उलट बाजूला, कटऑफपेक्षा (वेव्हगाइडमध्ये एकच मोड राहण्याच्या मर्यादेपेक्षा) कमी वेव्हलेंग्थ आत आली तर वेव्हगाइड मल्टीमोड होतो आणि गाळणी कामातून जाते, तेव्हा फिल्टर कुठे संपतो ते आधी तपासा.