लिंबाच्या नागअळीचा पतंग कसा ओळखावा

पावसाळ्यात साताऱ्यात लिंबाला पालवी फुटली की कोवळ्या पानांवर, आत पोखरणाऱ्या अळीच्या, चंदेरी नागमोडी रेघा उमटतात. नुसती रेघ बघून नाव सांगणाऱ्यांचं ऐकू नका. टोमॅटोच्या पानावर अशीच रेघ माशीची अळीही काढते.

लिंबाचं पान उजेडासमोर धरा. रेघेच्या मधोमध विष्ठेची काळपट ओळ दिसली की फिलोक्निस्टिस या प्रजातीचा संशय घ्या. (प्रजाती म्हणजे गट, जाती त्याच्या आतली.) खात्री पतंग हाती आल्यावरच होते.

आणि तो मिळवतानाच बहुतेक जण फसतात. माझे दोन पावसाळे यातच गेले. रेघ दिसली की मी पान तोडायचो, डबीत ओल्या कापसावर ठेवायचो. दोन दिवसांत पान मलूल, अळी आत मेलेली, वर बुरशी. ही अळी एकाच पानाच्या रसावर वाढते, दुसऱ्या पानात जात नाही. पान गेलं की तीही गेली. म्हणून पानाची कड आत मुडपेपर्यंत झाडाला हातच लावायचा नाही. त्या घडीत ती कोष करते आणि कोषाला खाणं लागत नाही. आता पान तोडा, काचेच्या बाटलीत कोरड्या टिश्यूवर ठेवा, तोंडाला मलमल बांधा. पाणी शिंपडायचा सल्ला कुणी दिला तरी शिंपडू नका.

कधी पतंगाऐवजी इवलीशी परजीवी गांधीलमाशी निघते. घडी तपासा: पतंग निघाला असेल तर कोषाचं रिकामं कवच अर्धं बाहेर आलेलं दिसतं. नुसतं गोल भोक असेल तर परजीवी.

पतंग थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून भिंगाखाली घ्या. पंख पसरून जेमतेम 4-5 मिलिमीटर, पुढचे पंख चंदेरी पांढरे, टोकाला काळा ठिपका. स्टिग्मेला या दुसऱ्या पानपोखर प्रजातीत शृंगिकेचं (डोक्यावरच्या मिशीचं) बूड रुंद होऊन डोळ्यावर झाकणासारखं येतं, आणि तिची अळी सहसा पानातून बाहेर पडून कोष करते.

लिंबावरची जात सिट्रेला. इंग्रज कीटकतज्ज्ञ स्टेन्टनने 1856 मध्ये कोलकात्याच्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं. दुसऱ्या झाडावरचा पतंग असेल तर प्रजातीवरच थांबा. जातीसाठी जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागतात, फोटोवर ते भागत नाही.

नमुन्याची चिठ्ठी त्याच दिवशी लिहा: तारीख, शाहूपुरी, सातारा, कागदी लिंबू. झाडाचं नाव नसलेला नमुना मी ठेवत नाही.