कृपेने जगायचे, मन नवे होऊ द्यायचे: रोजच्या ख्रिस्ती जीवनासाठी मार्गदर्शन

बाप्तिस्मा झालेला आहे, रविवारची उपासना चुकत नाही, जेवणाआधी प्रार्थना होते. तरी गावच्या जमिनीच्या वाटणीचा विषय निघाला की डोके तापते आणि एका ठरावीक नातेवाइकाचे नाव कानावर आले की घास कडू लागतो. आपल्यातले कितीतरी विश्वासणारे असे जगतात. उपाय म्हणून ते वर्षअखेरच्या उपासनेत निश्चय करतात, यंदा रागवायचे नाही, यंदा क्षमा करायची. काही आठवड्यांत निश्चय विरतो आणि मागे अपराधीपणा उरतो. माझ्या मते निश्चय कमी पडत नाही, क्रम चुकतो.

येशूचा प्रेषित पौल याने इसवी सन ५७ च्या सुमारास रोमच्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिले, त्यात हा क्रम स्वच्छ दिसतो. सोळापैकी पहिल्या अकरा अध्यायांचा मोठा भाग देवाने काय केले हे सांगण्यात जातो: पापी माणसाला फुकट नीतिमान ठरवले, शत्रू असताना समेट केला, पवित्र आत्मा दिला. त्यानंतर बाराव्या अध्यायात तो सांगतो की या जगाच्या साच्यात बसू नका, मन नवे होऊन तुमचे रूपांतर होऊ द्या. तेही तो देवाच्या दयेची आठवण देऊन विनवतो. आपण बाराव्या अध्यायापासून सुरुवात करतो आणि दमतो.

१. आधी कृपा घ्या

पौलाच्या इफिसकरांस पत्रातल्या (इफिस) २:८-१० या तीन वचनांपासून सुरुवात करा. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे. ते देवाचे दान आहे, कर्मांचे फळ नाही. आणि सत्कर्मे करण्यासाठीच आपण ख्रिस्तात निर्माण झालो आहोत. सत्कर्मे शेवटी येतात, पण येतात हे नक्की.

लोकांना लुबाडणारा यरीहोचा जकातदार जक्कय आठवा. येशूने त्याला झाडावरून खाली बोलावले आणि त्याच्याच घरी उतरायचे ठरवले, तेव्हा जक्कयाने एक नाणेही परत केलेले नव्हते. लोक कुरकुरले ते त्यामुळेच. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्याची चौपट भरपाई, हे सारे तो स्वीकार मिळाल्यावर बोलला.

हे समजायला मोठमोठ्यांनाही वेळ लागला आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले की ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त गवसायला आणखी सुमारे आठ वर्षे गेली. या आठ वर्षांत त्या स्वस्थ बसलेल्या नव्हत्या. विधवांसाठीचे त्यांचे शारदा सदन १८८९ मध्येच सुरू झाले होते. चांगले काम हातून होत असतानाही मनाला विसावा नसू शकतो, हे त्यांच्यासारख्या विदुषीने मोकळेपणाने सांगितले. केडगावच्या मुक्ती मिशनमधले पुढचे अफाट काम त्या विसाव्यातून उभे राहिले.

तेव्हा सकाळच्या प्रार्थनेत मागण्यांच्या आधी एवढे म्हणा: "प्रभू, आज मी काही करण्याआधीच तू मला ख्रिस्तात स्वीकारले आहेस, म्हणून तुझे आभार." ज्या दिवशी हे खरे वाटत नाही, त्या दिवशी तर जरूर म्हणा.

२. मनात काय भरले जाते ते पाहा

आठवडाभर एक छोटी वही जवळ ठेवा. झोपण्यापूर्वी तीन-चार ओळींत लिहा: आज माझे मन सर्वांत जास्त कशात गुंतले होते, आणि ते तिथे कशामुळे गेले? मोबाईलवरचे व्हिडिओ, सोन्याचा भाव, शेजाऱ्याची नवी गाडी, भावकीतली कुजबुज, मुलाच्या टक्क्यांची काळजी. सध्या काही बदलू नका, फक्त लिहा. आठवड्याच्या शेवटी पाने उलटली की आपल्या मनाला आकार कोण देत आहे ते दिसते.

इथे एक गोष्ट बोललीच पाहिजे. आपल्याकडे 'जगाचा साचा' म्हटले की दारू, सिनेमा, जुगार एवढीच नावे निघतात. जातीचे नाव कोणी काढत नाही. ख्रिस्ती घरांतही स्थळ बघताना 'मूळचे कोण?' हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्याला आपण जगाच्या साच्यात बसलो आहोत असे वाटतही नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या पतीचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, त्यांचा स्वतःचा १९०० मध्ये. मनातले सोवळे-ओवळे कसे गेले हे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. विचार करता करता त्यांना पटले की माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेला नाही, आणि मग त्या कोणाच्याही हातचे खाऊ लागल्या. मन नवे होणे म्हणजे काय, हे याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण मराठीत मला माहीत नाही. आधी विचार बदलला, मग ताट बदलले. वहीत हा रकानाही ठेवा.

३. वचन थोडे वाचा, पण मुरू द्या

वर्षात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचण्याचा नेम चांगला आहे. मनाच्या नवीकरणासाठी मात्र थोडे वाचून दिवसभर जवळ बाळगणे जास्त उपयोगी पडते. रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय एकवीस वचनांचा आहे. तो महिनाभर रोज वाचा. वाचताना दोन प्रश्न विचारा: यात देवाने काय केले आहे? आणि मी आज कोणाशी वेगळे वागायचे आहे? पहिला प्रश्न सोडला तर वाचन नुसते नियमांचे होते, दुसरा सोडला तर नुसते गोड वाटणे उरते.

एक वचन पाठ करा. कुकरच्या शिट्ट्या मोजताना, लोकलमध्ये उभे असताना ते मनात घोळवा.

४. जुने काढा, नवे घाला

सगळ्यांत जास्त मेहनत इथे आहे, म्हणून थोडे सावकाश घेऊ. इफिस ४:२२-२४ मध्ये पौल तीन गोष्टी सांगतो: जुना मनुष्य काढून टाका, मनाच्या वृत्तीत नवे व्हा, नवा मनुष्य धारण करा. लगेच पुढे तो नमुने देतो. खोटे सोडा आणि खरे बोला. चोरी सोडा आणि हातांनी कष्ट करा, म्हणजे गरजवंताला द्यायला काही असेल. चोराने चोरी थांबवली एवढ्यावर पौल थांबत नाही. त्याला तो देणारा झालेला हवा आहे. नुसते सोडायला गेलो की जागा रिकामी राहते आणि जुनेच परत येऊन बसते.

समजा भावाने हातउसने पैसे नेले, वर्षे झाली, परत दिले नाहीत. लग्नकार्यात तो समोर येतो आणि तुम्ही तोंड फिरवता. आता असे करा.

मत्तय १८ मधला दाखला उघडा. एका चाकराला दहा हजार तालान्तांचे कर्ज माफ होते, आणि तोच चाकर बाहेर जाऊन शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. शंभर दीनार म्हणजे तीन महिन्यांहून जास्त कमाई. ही रक्कम लहान नाही, आणि तुमचे नुकसान क्षुल्लक आहे असे येशू म्हणत नाही. पण एक तालान्त सुमारे सहा हजार दीनारांचा धरला, तर माफ झालेले कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढे होते, शंभर दीनारांच्या सहा लाखपट. हे गणित वहीत स्वतःच्या हाताने मांडा. मग भावाने बुडवलेली रक्कम खाली लिहा. माझा अनुभव असा की 'क्षमा कर' हे वाक्य स्वतःला शंभरदा ऐकवण्यापेक्षा ही दोन ओळींची मांडणी मनाला अधिक हलवते.

त्यानंतर नवे धारण करायचे. तोंड फिरवणे बंद, एवढे पुरत नाही. त्याच्या मुलांची चौकशी करा, पुढच्या सणाला स्वतःहून फोन करा. मन अजून पूर्ण बदललेले नसेल, तरी करा. पैशांचे बोलायचे असेल तर समोर बसून, सरळ शब्दांत बोला. चारचौघांत टोमणे मारून नव्हे. क्षमा म्हणजे हिशेब विसरण्याची सक्ती नाही, सूड सोडणे आहे.

आणि हे नीट वाचा: घरात मारहाण होत असेल, तर 'क्षमा करून सोस' असा सल्ला देवाच्या नावाने कोणी देऊ नये. रोम १२:१८ मध्ये शांतीने राहण्याची आज्ञा आहे, पण शक्य असेल तर आणि तुमच्याकडून होईल तितके, असे तिथेच म्हटले आहे. अशा वेळी आधी सुरक्षित जागी जा, विश्वासू माणसांना सांगा, पोलिसांची मदत घ्या. मनातला सूड देवाच्या हाती देण्याचे काम सुरक्षित ठिकाणी राहूनही करता येते.

५. शरीरालाही कामाला लावा

पौल आधी शरीर देवाला अर्पण करायला सांगतो, मग मनाकडे वळतो. रडणाऱ्यांबरोबर रडायचे तर पाय उचलून त्या घरी जावे लागते. मंडळीत कोणाकडे दुःख झाले असेल तर मोबाईलवर हात जोडलेले चित्र पाठवून थांबू नका. डबा घेऊन जा, अर्धा तास बसा, फार बोलू नका. महिन्यातून एकदा अशा कोणाला जेवायला बोलवा ज्याच्याकडून परतीच्या आमंत्रणाची शक्यता नाही.

६. एकट्याने करू नका

एखादा विश्वासू भाऊ किंवा बहीण निवडा, पंधरा दिवसांनी भेटा, वहीतले एक पान वाचून दाखवा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. पाळकसाहेबच हवेत असे नाही. ऐकलेले बाहेर न बोलणारा माणूस हवा, एवढी एकच अट.

७. पडलात तर

पडणार आहातच. भावाला फोन केला आणि पुन्हा भांडण झाले, असेही होईल. त्या वेळी दोन वाटा मोहात पाडतात. एक म्हणजे आठ दिवस प्रार्थनेला न बसणे, जणू थोडे लायक झाल्यावर देवाकडे जायचे आहे. दुसरी, कृपा आहेच, मग काय बिघडले, असे म्हणणे. पहिलीला १ योहान १:९ उत्तर देते: पापे कबूल केली तर तो विश्वसनीय व न्यायी आहे, तो क्षमा करील. दुसरीला रोम ६ च्या सुरुवातीलाच पौल ठाम नकार देतो. तीताला लिहिलेल्या पत्रात तर तो कृपेलाच शिक्षकाचे काम देतो. अभक्तीला नाही म्हणायला आणि मर्यादेने जगायला तीच शिकवते (तीत २:११-१२).

म्हणून त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, चूक नाव घेऊन कबूल करा. 'प्रभू, माझे काही चुकले असेल तर' असे मोघम नको. 'मी आज भावाला सगळ्यांसमोर लबाड म्हणालो' असे सांगा. क्षमेबद्दल आभार माना. सकाळी भावाला फोन करून त्या एका शब्दाबद्दल माफी मागा, त्याच फोनवर पैशांचा विषय काढू नका, आणि रोमचा बारावा अध्याय जिथे राहिला होता तिथून पुढे वाचायला घ्या.