लॅपटॉपचं वाय-फाय सारखं तुटतंय? आधी काय तुटतंय ते बघा

वाय-फाय गेलं की बहुतेक जण राउटर बंद-चालू करतात, मग ड्रायव्हर (वाय-फायचा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) उडवतात आणि शेवटी नेटवर्क रीसेट मारतात. कधीकधी त्यानं काम भागतंही, पण कशानं भागलं ते कळत नाही आणि चार दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शिवाय रीसेटमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड जातात आणि व्हीपीएनही (नेटवर्कला सुरक्षित जोडणारं सॉफ्टवेअर) नव्यानं बसवावं लागू शकतं. म्हणून रीसेट सगळ्यात शेवटी.

पहिला प्रश्न असा: तुटतंय ते वाय-फाय की त्यामागचं इंटरनेट? विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या, दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग (समोरून उत्तर येतंय का ते बघणारी आज्ञा) लावा. हा पत्ता 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा दिल्यावर 'डिफॉल्ट गेटवे'समोर दिसतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. दुसरीत ८.८.८.८ या इंटरनेटवरच्या गूगलच्या पत्त्याला लावा. दोन्हींना शेवटी 'डॅश टी' जोडा, म्हणजे पिंग चालूच राहील. आता नेट जायची वाट बघा. राउटर उत्तर देतोय पण ८.८.८.८ गप्प, तर लॅपटॉपचा काही दोष नाही. राउटरच्या पलीकडची लाइन तपासा. दोन्ही एकदम गप्प झाले तर पुढे वाचा. एक पडताळणी आणखी करा: लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर तासभर चालवा. तिथं टिकला तर वाय-फाय कार्ड (लॅपटॉपमधला वाय-फायचा भाग) बहुधा ठीक आहे, राउटरशी त्याचं जमत नाहीये.

यानंतर रिपोर्ट काढा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' ही चार शब्दांची आज्ञा रोमन अक्षरांत द्या. गेल्या तीन दिवसांत कनेक्शन कधी जुळलं, कधी तुटलं आणि का, याचा आलेख ब्राउझरमध्ये उघडता येतो. फाइल कुठं ठेवली ते आज्ञेच्या उत्तरातच छापून येतं. एवढी कामाची सोय विंडोजमध्ये असून फारसं कुणी ती वापरत नाही.

रिपोर्टमध्ये वेळा बघा. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर किंवा बॅटरीवर असतानाच तुटत असेल, तर वीज वाचवण्याच्या सेटिंगवर संशय घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवर 'अलाऊ द कम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस टू सेव्ह पॉवर' ही खूण काढा. नव्या लॅपटॉपवर हा टॅब अनेकदा दिसतच नाही. तिथं पॉवर प्लॅनमध्ये 'वायरलेस ॲडाप्टर सेटिंग्ज' असेल तर ते 'मॅक्सिमम परफॉर्मन्स'वर ठेवा.

बरोबर दर तासाला तुटत असेल तर राउटरमधलं 'ग्रुप की रिन्यूअल', म्हणजे सगळ्या यंत्रांची सामायिक सुरक्षा-किल्ली किती वेळानं बदलायची ते सेटिंग, बघा. ते अनेकदा ३६०० सेकंदांवर असतं आणि किल्ली बदलताना एखादं कार्ड अडखळतं. वेळ वाढवून फरक पडतो का ते पाहा. राउटर डब्ल्यूपीए-२ आणि ३ (वाय-फायच्या सुरक्षेच्या पद्धती) अशा मिश्र मोडवर असेल आणि कार्ड जुनं असेल, तर काही दिवस नुसतं डब्ल्यूपीए-२ ठेवून बघा.

वेळेला काही ताळतंत्रच नसेल तर सिग्नलकडे वळा. 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' दिल्यावर सिग्नल टक्क्यांत दिसतो. ५० टक्के म्हणजे साधारण उणे ७५ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप), आणि त्याच्या खाली गेलं की तुटण्याची शक्यता वाढते. राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा घ्या, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. मायक्रोवेव्ह याच पट्ट्यात गोंगाट करतो. यूएसबी ३ ची हार्ड डिस्कही करते, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही; ती लांब तारेनं जोडून बाजूला ठेवा. ५ गिगाहर्ट्झवर ५२ ते १४४ या चॅनलांवर राउटरला रडारची चाहूल लागली की चॅनल सोडावाच लागतो आणि जोडलेली यंत्रं काही क्षण तुटतात. तिथं ३६ ते ४८ मधला चॅनल ठरवून द्या.

ड्रायव्हर लॅपटॉपच्या किंवा कार्डाच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर 'रोल बॅक ड्रायव्हर'नं मागच्या आवृत्तीवर जा. नवं ते चांगलंच, असं ड्रायव्हरच्या बाबतीत धरून चालू नका.

स्क्रीनचं झाकण हलवल्यावर सिग्नल खालीवर होत असेल तर सॉफ्टवेअरला हात लावू नका. बहुतेक लॅपटॉपमध्ये अँटेना स्क्रीनच्या चौकटीत असते आणि तिच्या तारा बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. तिथं त्या घासतात, किंवा दुरुस्तीनंतर कार्डावरून निसटलेल्या राहतात. लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, मागचं झाकण उघडा आणि आधी बॅटरीची जोडणी सोडवा. कार्डावर सहसा दोन तारा असतात, बऱ्याचदा एक काळी, एक पांढरी किंवा करडी. टोकाची गोल टोपी मसुराच्या दाण्याहून लहान असते. ती तिरकी न करता बरोबर वर धरून बोटानं सरळ दाबा, हलकासा 'टक' जाणवतो. तिरकी दाबली तर कडा वाकते आणि मग ती बसत नाही. तार बिजागरीतच तुटली असेल तर स्क्रीन उघडावी लागते. ते काम जमणाऱ्याकडेच द्यावं. तोवर यूएसबीचं वाय-फाय ॲडाप्टर लावून चालवता येतं.