टीबी बरा झाला तरी खोकला जाईना? फुप्फुसातल्या बुरशीबद्दल एकदा विचारा

माझे मामा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमवर कामाला होते. त्यांना टीबी झाला, सहा महिने गोळ्या नीट घेतल्या, बरे झाले. मग तीनेक वर्षांनी परत खोकला, वजन उतरायला लागलं, आणि एक दिवस सकाळी मोरीत रक्त पडलं. एका ठिकाणी नुसता एक्स-रे बघून टीबी परत आला म्हणाले आणि कोर्स चालू केला, थुंकीत टीबीचे जंतू सापडले नव्हते तरी. सगळा कोर्स झाला पण खोकला तिथंच. शेवटी दुसऱ्या छातीच्या डॉक्टरांनी सीटी काढायला लावला तेव्हा कळलं की टीबीनं फुप्फुसात जी पोकळी पाडली होती त्यात बुरशीचा गोळा झालाय. हे सगळं लिहायचं कारण एवढंच की आपल्याकडं टीबी झालेली माणसं घरोघरी आहेत आणि हा प्रश्न डॉक्टरांना कसा विचारायचा ते कुणी सांगत नाही.

आधी हे समजून घ्या. अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी सगळीकडं असते, ओल्या कडब्यात, कुजलेल्या पाल्यात, भिंतीच्या ओलीत. तिचे बीजाणू २-३ मायक्रॉनचे, म्हणजे डोळ्याला न दिसणारे, ते आपण सगळेच रोज श्वासातनं आत घेतो आणि धडधाकट माणसाचं शरीर ते मारून टाकतं. अडचण कुठं येते, तर जिथं फुप्फुस आधीच खराब झालंय तिथं. टीबीच्या पोकळीत रक्तपुरवठा नीट नसतो, शरीराचे शिपाई तिथं पोचत नाहीत, मग बुरशीला आयतं घर मिळतं. ती हळूहळू वाढते, महिनोन् महिने, आणि लक्षणं सगळी टीबीसारखीच, खोकला, थकवा, वजन कमी होणं, थुंकीत रक्त. फसगत होते ती इथंच.

आणि एक, ही बुरशी एकाची दुसऱ्याला लागत नाही. मामांनी कितीतरी दिवस ताट वेगळं ठेवलं होतं, नातवाला जवळ घेत नव्हते, त्याची काही गरज नव्हती. फक्त आधी थुंकी तपासून टीबी नाही याची खात्री करून घ्या.

दम्याच्या पेशंटमध्ये वेगळाच प्रकार होतो, तिथं बुरशीची अ‍ॅलर्जी होते, पंप घेऊन पण दमा आवरत नाही, तपकिरी चिकट गुठळ्या पडतात. त्यात रक्तातलं आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जी दाखवणारं प्रथिन, खूप वाढलेलं असतं, तेव्हा दमा सारखा उसळत असेल तर ही तपासणी करायची का ते विचारा. शुगर वाढलेल्या किंवा स्टेरॉइड चालू असलेल्या माणसाला २०२१ मध्ये जो काळा फंगस म्हणून आपण बघितला तो म्युकर फुप्फुसात पण होतो, आणि तो महिने थांबत नाही, काही दिवसांत वाढतो. ताप, छातीत दुखणं, धाप, रक्त, असं दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा, सोमवारची वाट बघू नका.

आता डॉक्टरांकडं गेल्यावर सरळ विचारा, "थुंकीत टीबी नाही आला, मग बुरशी असू शकते का?" यात त्यांचा अपमान नाही, चांगला डॉक्टर उलट नीट समजावून सांगतो. तपासण्या साधारण अशा की थुंकीची सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधायची मशीनवरची तपासणी), छातीचा सीटी, आणि रक्तातली अ‍ॅस्परजिलस आयजीजी (या बुरशीविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं). थुंकी देताना "फंगल कल्चर पण", म्हणजे थुंकीतली बुरशी लॅबमध्ये उगवून बघायची तपासणी, असं चिठ्ठीवर लिहून घ्या कारण साधं कल्चर दोन-तीन दिवसांत संपवतात आणि बुरशी उगवायला कधी कधी आठवडे लागतात. थुंकी सकाळची, चूळ भरून, खोलातनं खोकून काढलेली, नुसती लाळ नको. रिपोर्टमध्ये कॅन्डिडा नावाची दुसरी बुरशी आली तर लगेच घाबरू नका, ती बऱ्याचदा तोंडातलीच असते.

गोळ्यांचं मात्र नीट ऐका, कारण आमचं इथं चुकलं होतं. इट्राकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाच्या कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायच्या, पोटातलं आम्ल असेल तरच त्या अंगाला लागतात. मामा सकाळी उठल्या उठल्या अ‍ॅसिडिटीची गोळी घ्यायचे आणि त्यावरच ही कॅप्सूल, म्हणजे निम्मं औषध वाया. टीबीची रिफॅम्पिसिन चालू असेल तर ती या औषधाचा जोर जवळजवळ घालवून टाकते, त्यामुळं दोन्ही सोबत कुणी लिहून दिलं तर परत एकदा विचारा. दम्याचा पंप, कोलेस्टेरॉलची गोळी, हार्टचं काही चालू असेल तर तेही सांगा. कोर्स कमीत कमी सहा महिन्यांचा असतो, मध्ये लिव्हरची तपासणी करावी लागते, डोळे पिवळे झाले, पायाला सूज आली, धाप वाढली तर लगेच दाखवा. व्होरिकोनॅझोल हे बुरशीवरचं दुसरं औषध दिलं असेल तर उन्हात कातडी भाजल्यासारखी होते, आणि आपलं सोलापूरचं ऊन माहितीच आहे, टोपी आणि पूर्ण बाह्या. नायट्यासाठी मेडिकलमधनं आणतात तीच इट्राकोनॅझोल आहे म्हणून स्वतःच्या मनानं चालू करू नका, हात जोडून सांगतो.

रक्त थेंबभर असलं तरी डॉक्टरांना कळवा, पण अर्धा कप, कप पडलं तर थेट सिव्हिल नाहीतर जवळचा मोठा दवाखाना. जाताना ज्या बाजूला आजार आहे ती बाजू खाली करून झोपवा, म्हणजे चांगल्या फुप्फुसात रक्त जात नाही. रक्ताची नळी आतनं बंद करायचा इलाज असतो, काहींना ऑपरेशन पण लागतं.

घरात काय करायचं तर फुप्फुस आधीच अधू असलेल्या माणसानं बुरसटलेला कडबा हलवू नये, कबुतरांची वाळलेली घाण झाडू नये. मार्चमध्ये कूलर बाहेर काढताना जुनं गवत दुसऱ्या कुणालातरी बदलायला सांगावं, तेही अंगणात आणि ओलं करून.

आणि जुने एक्स-रे रद्दीत देऊ नका. मामींनी टीबीच्या वेळचे सगळे गादीखाली सपाट ठेवलेले होते, नवीन सीटी त्यांच्या शेजारी ठेवला तेव्हाच डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं की पोकळी जुनीच आहे, आतला गोळा नवीन आहे.