सेन्सर चौथ्याच दिवशी सुटतो? या चुका टाळा

फ्रीस्टाइल लिब्रेसारखा, दंडावर चिकटवून अंगातली साखर मोजत राहणारा, १४ दिवस चालणारा सेन्सर चार दिवसांत कडेने सुटायला लागला, की सगळे गोंदाला नावं ठेवतात. दोष बहुतेक वेळा कातडीचा असतो, म्हणजे आपण ती तयार न केल्याचा. तेल किंवा ओल राहिली तर गोंद त्या थरालाच चिकटतो आणि पहिल्या घामात दोन्ही सुटतात.

आंघोळ झाल्या झाल्या सेन्सर लावणं ही नेहमीची चूक. दंड वरून कोरडा दिसतो, पण त्वचा दमटच असते. कोकण-मुंबईच्या हवेत तर जास्तच. निदान अर्धा तास पंख्याखाली जाऊ द्या. साबण साधा हवा, मॉइश्चरायझरवाला साबण मुद्दाम स्निग्ध थर मागे ठेवतो. मग स्पिरिटचा स्वॅब फिरवा आणि तो आपोआप वाळू द्या, फुंकर नको. ओल्या स्पिरिटवर लावलं तर चिकटत नाही आणि टोचताना चुरचुरतं. केस दाट असतील तर ते आदल्या दिवशीच काढा. रोज अंगाला खोबरेल लावणाऱ्यांनी त्या दंडाला पंधरा दिवस सुट्टी द्यावी, दिवाळीच्या अभ्यंगालाही.

जागा दंडाच्या मागच्या बाजूला, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध, चिमटीत मांस येईल अशी. बाहेरच्या कडेला सरकला, तर दाराची चौकट तो ओढून काढणारच. व्रण, तीळ, गाठी टाळा, इन्सुलिन टोचता त्या जागेपासून किमान २.५ सेंमी अंतर ठेवा. ब्लाउज घालणाऱ्यांनी आधी तो घालून बाहीची कड कुठे येते तिथे पेनाने खूण करावी. सेन्सर ३५ मिमी रुंद असतो. तो पूर्ण बाहीच्या आत तरी हवा किंवा पूर्ण बाहेर. कड मधोमध आली की हात वर करताना दर वेळी सेन्सर खरवडला जातो.

टोचताना बिघडतं ते घाईमुळे. सेन्सरची डबी आणि तो टोचायचं साधन म्हणजे अ‍ॅप्लिकेटर, यांवरचे कोड जुळतात का पाहा, दोन्हींवरच्या गडद खुणा समोरासमोर आणा आणि टेबलावर ठेवून घट्ट दाबा. गादीवर किंवा तळहातावर दाबलं तर जोडणी अर्धवट राहते. उचलल्यावर सुई उघडी असते, त्यामुळे पुन्हा डबीत घालू नका आणि आत बोट तर मुळीच नको. दंडावर सरळ टेकवून ‘खट्’ आवाज येईपर्यंत दाबा, काही सेकंद तसंच धरा आणि सावकाश सरळ मागे घ्या. तिरकं किंवा झटक्यात ओढलं, की सेन्सर अर्धा चिकटतो, नाही तर अ‍ॅप्लिकेटरसोबतच परत येतो. सुई बाहेर येते. आत राहतो तो जेमतेम ५ मिमीचा मऊ तंतू. तो वाकलेला किंवा बाहेर लोंबताना दिसला तर सेन्सर गेला. निघालेला सेन्सर परत चिकटवून काहीही मिळत नाही.

थोडं रक्त आलं म्हणून घाबरून लगेच उपटू नका. कापसाने हलकं टिपा. थांबलं तर राहू द्या आणि आकडे ग्लुकोमीटरशी (बोटातल्या थेंबावर साखर मोजणारं यंत्र) ताडून पाहा. वाहतच राहिलं तर मात्र काढा.

वरून पट्टी लावायची असेल तर पहिल्याच दिवशी लावा. मायक्रोपोर ही कागदी चिकटपट्टी घामापुढे टिकत नाही. खेळाडू वापरतात ती किनेसिओलॉजी टेप बरी. साधारण ८ सेंमीचा गोल कापा, कारण चौकोनाचे कोपरे आधी उचलतात. न ताणता लावा आणि सेन्सरच्या मधलं बारीक छिद्र उघडं राहील असं भोक आधीच पाडा. कड उचललीच असेल तर ओढू नका, तेवढीच कात्रीने कापून वर टेप लावा. आंघोळ चालते, पोहणंही १ मीटर खोलीपर्यंत, ३० मिनिटं. टॉवेल मात्र घासू नका, टिपा.

पहिली ६० मिनिटं सेन्सर आकडा देत नाही आणि पहिल्या दिवशी आकडे इकडेतिकडे होऊ शकतात. रात्री त्याच कुशीवर झोपलात तर दाबामुळे साखर खोटीच कमी दिसते. अंगाला त्रास काही नाही आणि आकडा मात्र खाली, असं असेल तर आधी बोटातून तपासा. घाम, थरथर, चक्कर असेल आणि मीटर हाताशी नसेल तर आधी साखर खा. रीडर (सेन्सरचे आकडे दाखवणारं कंपनीचं यंत्र) आणि फोन दोन्ही वापरायचे असतील तर सेन्सर रीडरनेच चालू करा आणि त्या पहिल्या तासातच फोनही जोडून घ्या.

पट्टीखाली खाज, पुरळ, पाणी भरलेले फोड आले तर सेन्सर काढा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. काही सेन्सरमध्ये, विशेषतः जुन्या, असलेल्या आयसोबोर्निल अ‍ॅक्रिलेट या रसायनाची काहींना खरोखरच अ‍ॅलर्जी असते. अशांनी जागा बदलून उपयोग नाही.

मुदतीआधी बंद पडलेला सेन्सर लगेच फेकू नका. अनुक्रमांक आणि खोक्याचा फोटो जपून ठेवा, बदली मागताना कंपनी तेच विचारते. सुईवाला अ‍ॅप्लिकेटर मात्र ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही, जाड, झाकण असलेल्या डब्यात.