घरच्या उसाची काकवी: एका क्विंटलाचा हिशेब

थंडी पडली की उसात साखर भरते. डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने काकवी करायला सगळ्यात चांगले. मार्चचे ऊन लागले की तोडलेला ऊस लवकर उतरतो आणि रस काही तासांतच आंबट व्हायला लागतो. ज्यांच्याकडे गुऱ्हाळ नाही, पण दोन-चार गुंठे चांगला ऊस आणि गावात एखादा चरक आहे, त्यांनी एक क्विंटल उसापासून सुरुवात करावी. एका दिवसात, एका चुलीवर, दोन माणसांत हे काम होते.

आधी एक गैरसमज दूर करू. काकवी म्हणजे गूळ होता होता काहिलीतून बादलीभर काढून घेतलेला पाक नव्हे. गुळासाठी रसात चुन्याची निवळी पडलेली असते, काही ठिकाणी रंग उजळायला हायड्रोस पावडरही. तसा पाक आठ दिवसांत काळवंडतो आणि तळाशी गाळ धरतो. साखर कारखान्यातली मळी (मोलॅसिस) तर वेगळीच, साखर काढून घेतल्यावर उरलेली. चांगल्या काकवीत रसातली सगळी साखर असते, आणि तिचा रस पहिल्यापासून काकवीसाठी म्हणूनच हाताळावा लागतो.

ऊस निवडताना

सुरू (जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला) ऊस १२ महिन्यांचा, आडसाली (जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला) १४ ते १६ महिन्यांचा, खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला) ११ ते १२ महिन्यांचा झालेला असावा. को ८६०३२, को ९२००५, कोसी ६७१ या जातींची काकवी रंगाला आणि चवीला उजवी होते. तोडणीआधी १० ते १५ दिवस पाणी तोडा. ज्या प्लॉटला शेवटपर्यंत युरिया पडला आहे किंवा जमीन खारवट-चोपण आहे, तिथला ऊस घेऊ नका. त्याची काकवी खारट लागते, आणि तो खारटपणा नंतर कशानेही जात नाही.

हातातला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचे छोटे यंत्र, या कामात फार उपयोगी. त्याचा आकडा ब्रिक्समध्ये असतो, म्हणजे शंभर भाग रसात साधारण किती भाग साखर. बुडख्याकडच्या आणि शेंड्याकडच्या कांडीचा रस वेगवेगळा तपासा. दोन्हींत फार फरक नसेल आणि आकडा २० च्या पुढे असेल तर ऊस पक्व झाला. शेंड्याकडे १५-१६ च दिसत असेल तर आणखी दोन आठवडे थांबा.

ऊस जमिनीलगत तोडा, कारण बुडख्यात साखर जास्त असते. वाढे (शेंड्याचा हिरवा पाला) आणि वरच्या दोन-तीन कोवळ्या कांड्या काढून टाका. लोळून मुळ्या फुटलेला, तुरा येऊन पोकळ पडलेला, उंदराने कुरतडलेला आणि आतून लाल पडलेला ऊस बाजूला. तोडल्यावर पाचट, माती, मुळ्या सोलून ऊस धुऊन घ्या. सकाळी तोडलेला ऊस त्याच दिवशी गाळावा. फार तर २४ तास, तेही सावलीत पाचटाखाली झाकून. त्यानंतर रसात चिकटपणा येतो आणि मळी, म्हणजे रस तापवताना वर येणारी घाण, नीट वर येत नाही.

भांडी आणि जळण

एक क्विंटल ऊस चरकातून साधारण ५४ किलो, म्हणजे ५० लिटर रस देतो. त्यासाठी किमान १०० लिटरची पसरट स्टेनलेस स्टीलची कढई किंवा छोटी काहील हवी. अर्धी रिकामी का, तर रस फुगतो आणि क्षणात उतू जातो. पसरट का, तर पाणी पृष्ठभागावरूनच उडते. उंच डब्यात तोच रस दुप्पट वेळ शिजतो आणि काळा पडतो. लोखंडाने रंग काळपट होतो, जस्ताचा मुलामा आंबट रसात उतरतो, कल्हई नसलेले तांबे-पितळ तर वापरूच नये.

शिवाय झाऱ्या, बारीक चाळण, चार पदरी मलमल, २०० अंशांपर्यंतचा स्वयंपाकाचा थर्मामीटर आणि किलोचा काटा. जळणाला वाळलेली चिपाडे उत्तम, पण ती आधीच्या खेपेची असावीत. ओल्या चिपाडांचा धूर काकवीला लागतो.

चूल नसेल तर २० लिटर रस गॅसच्या मोठ्या बर्नरवर आटवता येतो. दीड ते दोन किलो गॅस जातो आणि चार लिटर काकवी मिळते. रस रसवंतीवरून आणणार असाल तर बर्फ, लिंबू आणि आले न घालता द्यायला सांगा. घाईत हे सांगायचे राहते.

पहिली उकळी येण्याआधीची १५ मिनिटे

रस चाळणीतून आणि मग मलमलीतून गाळा. १५ ते २० मिनिटे स्थिर ठेवला की माती तळाशी बसते. वरचा रस कढईत घ्या, तळाचा दोन लिटर गढूळ रस सोडून द्या. त्याचा मोह नको.

मळी नीट वर यावी म्हणून भेंडीची ओली खोडे, रानभेंडी मिळाली तर उत्तम, १०० ग्रॅम ठेचून लिटरभर पाण्यात तीन-चार तास आधी भिजत घाला. हाताने चोळून आलेले बुळबुळीत पाणी गाळून घ्या. रस कोमटाहून जास्त, ६०-७० अंशांवर आला की ते त्यात ओता आणि एकदाच ढवळा. नंतर ढवळू नका.

आता जाळ मध्यम करा. रसावर आधी हिरवट-काळी साय धरते. ती जाड होते, तिला कडेने भेगा पडतात आणि भेगांतून स्वच्छ रस दिसायला लागतो. ८५ ते ९० अंशांच्या दरम्यान ही मळी घट्ट गोधडीसारखी वर बसलेली असते. हीच वेळ. झाऱ्या कडेने आत सरकवून ती अलगद, तुकडे न होऊ देता उचला. एकदा का रसाला खळखळून उकळी फुटली की मळी मोडते, बारीक होऊन रसात मिसळते आणि मग कितीही गाळा, काकवी गढूळच राहते. मळी काढणाऱ्याने कढई सोडून जायचे नाही आणि जाळ घालणाऱ्याने त्याला विचारल्याशिवाय चिपाड सरकवायचे नाही. कढई उतरवता येत नसेल तर चुलीतले जळण बाहेर ओढा.

चुना घालावा का, हा प्रश्न नेहमी येतो. काकवीसाठी नको. ताज्या रसाचा सामू (पीएच, आंबटपणाचे माप) सव्वापाच ते साडेपाचच्या आसपास असतो, आणि तो थोडा आंबट असणेच काकवीच्या फायद्याचे. त्या आंबटपणाने उकळताना काही साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते, आणि त्यामुळेच बाटलीत खडे धरत नाहीत. चुन्याने उलट होते, शिवाय रंग गडद होतो. हायड्रोस तर कधीच नको. त्याने आणलेला पिवळेपणा काही आठवड्यांत जातोच.

आटवणे

मळी निघाली की जाळ मोठा करा. इथून पुढे जितक्या लवकर पाणी उडेल तितका रंग चांगला. अधूनमधून पिवळसर-पांढरा फेस येईल, तोही काढत राहा. फेस चढायला लागला तर शेंगदाणा तेलाचे दोन-चार थेंब टाका, तो बसतो. जास्त तेल टाकले तर काकवीवर तवंग राहतो.

५० लिटर रसातून जवळजवळ ३८ लिटर पाणी उडवायचे आहे. चांगल्या जाळावर अडीच ते तीन तास लागतात. कॅनडात आणि अमेरिकेच्या ईशान्येला मेपलच्या झाडाचा रस असाच आटवतात, पण त्यात साखर जेमतेम २ टक्के. एका लिटर सिरपला त्यांना ४० लिटर रस लागतो, आपल्याला ५. 

१०२-१०३ अंशांनंतर जाळ निम्मा करा. बुडबुडे मोठे, जड आणि सोनेरी होतात, आवाज बदलतो. आता तळ सतत ढवळा, नाहीतर करपट वास लागतो. ५ ते ६ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर सायट्रिक आम्ल अर्धा वाटी पाण्यात विरघळवून या वेळी घाला. ते नसेल तर तीन-चार लिंबांचा गाळलेला रस चालतो. खडे धरू नयेत म्हणून हा उपाय. प्रमाण किलोला ०.४ ग्रॅम, त्याहून जास्त घातले तर आंबट चव पुढे येते.

कधी उतरवायची

पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा ६ ते ७ अंश वर. हे असे सांगण्याचे कारण, सगळीकडे पाणी १०० अंशांना उकळत नाही. कोल्हापूरच्या उंचीवर ते ९८ च्या आसपास उकळते, कोकणपट्टीत १०० ला. म्हणून सुरुवातीलाच थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरून आकडा लिहून ठेवा. घाटावर काकवी १०५ ला आणि कोकणात १०६ ला तयार. गूळ व्हायला ११८ च्या पुढे जावे लागते, तेव्हा अजून खूप अंतर आहे असे वाटते. पण १०४ ते १०७ हा टप्पा पाच-सात मिनिटांत सरतो. कढईचा तळ तापलेला असतो, त्यामुळे एक अंश आधीच जाळ ओढून घ्या.

थर्मामीटरसोबत डोळ्यांनीही पाहा. थंड ताटलीत चमचाभर काकवी टाका, मिनिटभर थांबा आणि मधोमध बोट ओढा. रेघ दोन-तीन सेकंद तशीच राहून हळूच मिटली तर काम झाले. लगेच मिटली तर पातळ आहे. मिटलीच नाही तर गुळाकडे गेली. तसे झाले तर उकळते पाणी पाव-पाव लिटर घालून परत उकळी आणा.

रिफ्रॅक्टोमीटरवर ७२ ते ७५ ब्रिक्स हवे. रस तपासायचा ० ते ३२ चा यंत्रप्रकार इथे चालत नाही, ५८ ते ९० चा लागतो. नमुना झाकून थंड करा, नाहीतर वाफ उडून आकडा वाढीव येतो. यंत्र नसेल तर काटा आहेच. एका बाटलीत बरोबर किलोभर पाणी मोजून खूण करा. तीच बाटली कोरडी करून थंड काकवीने खुणेपर्यंत भरा. वजन १३६० ते १३८० ग्रॅम आले तर हवी तशी. १३५० च्या खाली आले तर ती आंबणार. १३९० च्या पुढे गेले तर खडे धरणार.

किती निघेल याचा अंदाज आधीच बांधता येतो. रसाचे वजन गुणिले रसाचा ब्रिक्स, भागिले ७३. ५४ किलो रस २० ब्रिक्सचा असेल तर पावणेपंधरा किलो. मळी आणि भांड्याला चिकटलेले वजा जाता १४ किलो, म्हणजे साधारण १० लिटर. त्यापेक्षा बरीच जास्त निघाली तर आनंद मानू नका, पाणी राहिले आहे.

गाळणे आणि भरणे

गरम असतानाच चार पदरी मलमलीतून गाळा. थंड झाली की कापडातून उतरत नाही. मग तळापासून दोन-तीन इंच वर तोटी असलेल्या कोरड्या स्टीलच्या डब्यात आठ ते दहा दिवस झाकून ठेवा. बारीक गाळ खाली बसतो. घाईने त्याच दिवशी बाटल्या भरल्या तर बाटलीच्या तळाशी करडा थर दिसतो. त्याने अपाय काही नाही, पण गिऱ्हाईक ती बाटली परत ठेवते.

वरची नितळ काकवी काढून ८५ अंशांपर्यंत तापवा, उकळू नका. काचेच्या बाटल्या धुऊन उन्हात किंवा भट्टीत पूर्ण वाळवलेल्या आणि भरताना गरम असाव्यात. गळ्यापर्यंत भरा, झाकण लावा आणि दोन मिनिटे उलटी ठेवा. साध्या पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या या उष्णतेला आकसतात.

बहुतेक तक्रारी बाटलीत राहिलेल्या थेंबभर पाण्याच्या असतात. ते पाणी वर तरंगते, तिथे काकवी पातळ होते आणि बुरशी त्याच थरात धरते. खालची काकवी चांगली असूनही बाटली जाते. अर्धवट गरम काकवी भरून झाकण लावले तरी आत वाफेचे थेंब जमून हेच होते.

नीट भरलेली काकवी अंधाऱ्या, थंड कपाटात सहा महिने सहज टिकते. फ्रिजमध्ये ठेवू नका, गारठ्याने खडे लवकर धरतात. धरलेच तर बाटली गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवा, विरघळतात. उघडलेल्या बाटलीत ओला चमचा घालू नका.

घरापुरत्या काकवीला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट या टिकवणाऱ्या रसायनाची गरज नाही, घट्टपणा बरोबर असला की पुरे. विकायची असेल तर एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेकडे नोंदणी करा, आणि काही परिरक्षक घातलेच तर ते लेबलवर लिहा. माप लिटरमध्ये नाही, किलोत द्या. लिटरभर काकवी पावणेचौदाशे ग्रॅमच्या आसपास भरते, लिटरच्या भावात तुमचेच नुकसान. ‘मधुमेहींना चालते’ असे लिहू नका. ती चालत नाही, दोन-तृतीयांशाहून जास्त साखरच आहे.

झाकण फुगले, उघडताना फस्स आवाज आला, दारूसारखा वास आला तर ती काकवी परत उकळून विकू नका आणि खाऊही नका. जीवामृताच्या (शेण-गोमूत्राच्या द्रवखताच्या) २०० लिटर पिंपात दोन किलो गुळाऐवजी अशी अडीच-तीन किलो काकवी घाला. कढईतून काढलेली मळी शेणखताच्या खड्ड्यात टाकून लगेच मातीने झाका, उघडी राहिली की दुसऱ्या दिवशी माश्यांचा थर बसतो.